तोंडात पिन असेपर्यंत

सकाळी दुकानाची फळी काढली की पगारे उस्ताद आधी रस्त्याकडे बघायचे, मग आत रचून ठेवलेल्या टायरांकडे बघायचे आणि म्हणायचे, "चला, दमू या."

"कामाला लागू या" असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दमायचं तर आहेच, मग वेळेवर सुरुवात केलेली बरी, असा सगळा मामला. कमरेत किंचित वाकलेले, डोळ्यांखाली पिशव्या, आणि तळहातांवर रबराचा काळेपणा असा मुरलेला की साबणानंही त्याचा नाद सोडला होता. बसायचे टायरवर, चहा प्यायचे टायरवर बसून. कोणी खुर्ची पुढे सरकवली तर म्हणायचे, "नको बाबा. खुर्चीत झोप लागते."

देवळाली कॅम्पात बाजाराच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर, मधे एक पडदा. मी तिथं पहिल्यांदा गेलो ते सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास, एक लंगडी जीप घेऊन.

मी मूळचा गोंदियाकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि गाडी जाईल तिकडे जात जात नाशकात येऊन थांबलो. पेठच्या डोंगरात पाझर तलावांची कामं घेणारा एक ठेकेदार होता, त्याच्या जिपेवर मला नोकरी मिळाली. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. नोकरी मिळाली त्या दिवसापासून ती जाणार, ही धाकधूक सुरू झाली. स्वभावच तसा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढला की नाही हे बघायला मी अर्ध्या वाटेतून परत जायचो. अजूनही जातो.

पेठकडचे तेव्हाचे रस्ते म्हणजे रस्ते नव्हतेच. नदीच्या पात्रातून, काळ्या चिकणमातीतून गाडी वर काढायची. चाकातली हवा कमी केली की टायर पसरतो आणि मातीला धरतो, हे मला ठाऊक होतं. पण साध्या चाकात टायरला रिमवर धरून ठेवते ती आतली हवाच. ती कमी केली की चढाच्या वळणावर टायर रिमवरून निसटायचा, ट्यूब फाटायची आणि सिमेंटच्या गोण्या भिजत पडायच्या. शेठ एकदा म्हणाला, "गाडी चालवता येत नसेल तर सांग." त्या रात्री मी जेवलो नाही.

मग कोणीतरी त्याला लॉकवाल्या चाकांबद्दल सांगितलं. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या जिपांना ती असायची. हे चाक दोन ताटल्यांचं. दोन ताटल्या समोरासमोर, मधे टायर, आणि टायरच्या पोटात एक पोलादी कडं. ताटल्या कडेच्या नटांनी आवळल्या की ते कडं आतून टायरच्या दोन्ही कडा घट्ट दाबून धरतं. हवा पार गेली तरी टायर जागचा हलत नाही. शेठनं लिलावातला एक संच मिळवला आणि मला सांगितलं, कॅम्पात पगारे म्हणून आहे, त्याच्याकडूनच बसवून आण.

मी गेलो तेव्हा उस्ताद एका चाकापुढे उकिडवे बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली. मी चाकं दाखवली, शेठचं नाव सांगितलं, किती वेळ लागेल विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाना लावला. मला वाटलं, माणूस रागावलाय. मी घाबरून आणखी बोलू लागलो. पडदा सरकवून एक बाई बाहेर आल्या. या शांतामावशी, उस्तादांच्या कारभारीण.

"कोणाशी बोलतोस रे?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडात पिन हाय. आता चाक बंद होईस्तवर मुका नवरा हाय माझा. बस तिकडं, चहा घे."

पिन म्हणजे हवेच्या वॉल्व्हमधली पितळी पिन, काडीच्या तुकड्याएवढी. ती काढली की चाकातली हवा निघून जाते, आणि ती परत बसवल्याशिवाय हवा राहत नाही. उस्ताद चाकाला हात लावायच्या आधी ती काढायचे आणि दातांत धरायचे. मग ताटल्या वेगळ्या करायच्या, टायर दाबून लांबोळा करून त्यात कडं आडवं घालायचं, ते आत उभं करायचं, ट्यूबचं तोंड कड्याच्या भोकातून बाहेर घ्यायचं, ताटल्या जुळवायच्या, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचं. शेवटचा नट बसला की मगच पिन तोंडातून निघायची, सदऱ्याला पुसली जायची आणि परत वॉल्व्हमध्ये जायची. चाक भिंतीला टेकवायचं, नटांची बाजू भिंतीकडे. मग हवा. आणि मग उस्ताद बोलायचे.

"कुठला तू?"

"गोंदियाकडचा जी."

"जी?" ते मावशींकडे बघून म्हणाले. "बघ, आपल्याला जी म्हणणारा एक मिळाला." तेव्हापासून माझं नाव गोंदिया पडलं. "ए गोंदिया, मघाशी काय काय बोललास ते आता सांग."

एका वेळी एकच चाक, हा त्यांचा नियम. एका तोंडात एकच पिन. चारही चाकं एकदम उघडून कामं भराभर उरकावीत, तर नाही. गिऱ्हाइकं कंटाळायची, कोणी शिव्या देऊन जायचं. उस्ताद म्हणायचे, "जाऊ दे. तेवढाच आराम."

मी मात्र थांबायचो. मला थांबण्याची भीती वाटत नाही, घाईची वाटते. उस्तादांना ते आवडलं असावं. शेठच्या कामासाठी कॅम्पात गेलो की मावशी मला खाणावळीत जाऊ देत नसत. बाजरीची भाकरी, सुकटीची चटणी, कधी मेथी. एकदा मला हिवताप भरला तेव्हा आठवडाभर त्यांच्या शेडमध्येच पडून होतो. मावशी काढा द्यायच्या आणि उस्ताद संध्याकाळी येऊन माझ्या कपाळाला त्या काळ्या हाताचा पालथा भाग लावून बघायचे. "इंजिन गरम हाय अजून," म्हणायचे. माझ्या गावाला आठशे-हजार किलोमीटरवर माझी आई होती. तिला मी कळवलं नाही. कळवावं असं वाटलंच नाही, इतकं ते घर माझं झालं होतं.

उस्तादांना गाडी चालवता येत नव्हती. एवढंच नाही, गाडी लागायची. हे मला कळलं ते आमच्या जिपेचं मागचं चाक सारखी हवा सोडू लागलं तेव्हा. ट्यूब नेमकी कुठं घासते ते जागेवर जाऊन बघतो म्हणाले. पेठच्या वाटेवर पहिल्याच घाटात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडी थांबवली. कडेला जाऊन पोट रिकामं करून आले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो चालत."

मग काय, जीप पहिल्या गिअरमध्ये आणि मागून उस्ताद चालत. वाटेत खडी फोडणारी बायामाणसं होती. एक म्हातारा ओरडला, "काय बाबा, गाडी बंद पडली का?"

"गाडी चालू हाय," उस्ताद म्हणाले. "मी बंद पडलो."

नदीत उतरल्यावर मी हवा कमी केली आणि गाडी पलीकडच्या चढाला लावली. टायर चपटे होऊन मातीवर पसरले आणि जीप चढत गेली. वर आल्यावर उस्ताद चाकापाशी बसले, चिखल पुसून टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. कडा जागच्या हलल्या नव्हत्या. मग पोराचा ताप बघावा तसा त्यांनी टायरला हात लावला, तोच पालथा. चाक उघडलं, तर ट्यूबचं दुखणं कड्याच्या भोकाला राहिलेल्या धारेत होतं. ते सापडल्यावरही ते तिथंच बसून राहिले, खाली तलावाच्या पाळूवर, म्हणजे बांधावर, माणसं माती टाकत होती तिकडे बघत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "परत जाताना पण घाट हाय का रे?"

या चाकांचं एक वाईट आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चाक गाडीला बसतं ते मधल्या नटांनी. ताटल्या एकमेकींना धरतात त्या कडेच्या नटांनी. आत हवा असताना कोणी कडेचे नट सोडले तर वरची ताटली तोफेतून सुटल्यासारखी सुटते. समोर जे असेल ते राहत नाही. म्हणून कडेचे नट लाल रंगवतात. उस्ताद तो रंग स्वतः लावायचे, कानाच्या पाळीएवढ्या ब्रशनं, आणि दर वेळी चाक आलं की ताजा करायचे.

दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार अशीच जुनी जीप घेऊन आला होता. मुलाचं लग्न होतं. गाडी धुऊन, रंगवून आणलेली.

"उस्ताद," तो म्हणाला, "नवरदेव याच गाडीतून जायचाय. ते लाल ठिपके लय वाईट दिसतात. सगळं चंदेरी करून टाका."

उस्तादांच्या तोंडात तेव्हा पिन नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "नवरीला विचारून या."

"नवरीला काय विचारायचं?"

"लाल पुसू का म्हणून. ती पूस म्हणली तर पुसतो."

वरात लाल नटांच्याच गाडीतून निघाली असणार, कारण महिन्याभरानं त्यानं द्राक्षांची पाटी पाठवली. उस्तादांनी त्यातला एक घड उचलला, टायरवर बसून सावकाश खाल्ला आणि पाटी आत पाठवली. "गोड हायेत," म्हणाले. दुसरं काही नाही.

पिन तोंडातच का, खिशात का नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मावशींनी सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. उस्तादांचा धाकटा भाऊ होता, नामदेव. दोघांनी मिळून दुकान टाकलेलं. एकदा एका गाडीची सगळी चाकं दोघं मिळून उघडत होते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. उस्तादांनी इकडून विचारलं, "नाम्या, हवा काढली का?" नामदेव तिकडून म्हणाला, "हो, काढली." काढली होती ती शेजारच्या चाकाची. नामदेवनं पाना लावला तो दुसऱ्याला, आणि ताटली सुटली.

"हो म्हणायला काय लागतं," मावशी म्हणाल्या. "तोंडातनं निघून जातं. तवापासनं हे कोणाच्या 'हो'वर चाक उघडत नाहीत. सोताच्या पण नाही."

मी भाकरी खात होतो, ती तशीच हातात राहिली.

"खा," मावशी म्हणाल्या. "त्याला लय दिवस झाले."

लय दिवस झाले होते, पण उस्तादांना नाही. कारण पडद्यामागचा सिद्धू आता मोठा होऊन दुकानात काम करू लागला होता. सिद्धार्थ, त्यांचा एकुलता मुलगा. विशीतला, ताकदीचा, हातात कसब असलेला. टायर असा दाबायचा की कडं लोण्यात घातल्यासारखं आत जायचं. आणि तोंड म्हणजे चालू रेडिओ. क्रिकेटची कॉमेंट्री, गिऱ्हाइकांच्या नकला, गाणी. उस्ताद त्याला साधी चाकं करू द्यायचे, पंक्चर काढू द्यायचे. लॉकवाल्या चाकाकडे वळला की म्हणायचे, "ठेव तो पाना."

"का पण, आबा?"

"तू लय बोलतो."

"मग काय पिन चघळत बसू? लोक हसतात तुमाला. पिन खिशात ठेवली तर हवा जास्त राहते का चाकात?"

उस्ताद पाना स्वतःकडे ओढून घ्यायचे. सिद्धू चिडायचा, "मी सातपूरला कारखान्यात लागतो. तिथं तरी पाना हातात देतील."

"जा की," उस्ताद म्हणायचे. आणि ते खरंच म्हणायचे. तो गेला तर दुकान बंद पडणार होतं, कारण त्यांचा उजवा खांदा आता वर जाईना आणि कडं जेमतेम उचललं जायचं. पण तो गेला तर जिवंत राहणार होता. या दोन गोष्टींच्या मधे ते रोज बसलेले असायचे, टायरवर, चहा गार होईपर्यंत.

एका उन्हाळ्याच्या अखेरीला शेठनं मला चारही चाकांना नवे टायर घालायला पाठवलं. तलावाच्या पाळूतली शेवटची फट बुजवायची राहिली होती, पाऊस आला असता तर सगळी माती वाहून गेली असती, आणि डोंगरात सामान पोचवणारी गाडी एकच, माझी. शेठ म्हणाला होता, उद्या दुपारपर्यंत गाडी नाही आली तर परत येऊ नकोस.

कॅम्पात पोचलो तर उस्ताद तापानं पडलेले. पडद्याआडून त्यांचा खोकला येत होता. मी परत फिरणार होतो. सिद्धूनं माझ्या हातातून किल्ली घेतली. "चाकं खाली काढ, गोंदियाभाऊ. आज रेडिओ काम करणार हाय."

त्यानं चारही चाकं ओळीनं आडवी मांडली, पिना काढून खिशात टाकल्या, वरून चाचपून चार मोजल्या आणि कॉमेंट्री करत पहिलं उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तासाभरात तीन. माझ्या मनात आलं, वेळेवर पोचतो आपण. चौथ्यापाशी तो बसला, लाल नटाला पाना लावला आणि अर्धा फेरा दिला.

चाक कण्हलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. लोखंडातून एक बारीक, लांब कर्र आला.

सिद्धूचं तोंड अर्ध्या वाक्यात थांबलं. त्यानं पाना तसाच उलटा फिरवला, नट होता तिथं बसवला, हात मागे घेतले आणि बसल्या जागी मागे सरकत गेला, भिंतीला पाठ लागेपर्यंत. मग खिशातल्या पिना काढून तळहातावर घेतल्या. चार होत्या. त्यातली एक वाकडी, जुनी, कधीची खिशात पडलेली. चौथ्या चाकाची पिन चाकातच होती.

तो उठला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. आतून मावशींनी विचारलं, "काय झालं रे, गप का झालात?" त्या दिवशी काम तिथंच थांबलं. उघडलेली तीन चाकं तशीच पडून राहिली. मी शेडमध्ये झोपलो, म्हणजे पडलो.

सकाळी उस्ताद उठून बाहेर आले. घोंगडी पांघरलेली, गालफडं बसलेली. उघडी चाकं बघितली, बंद चाक बघितलं, माझ्याकडे बघितलं. सिद्धू एका कोपऱ्यात पाने पुसत होता.

"गाडी कधी पायजे?" त्यांनी मला विचारलं.

"आज दुपारी जी."

त्यांनी कडं उचलायला हात घातला. ते जमिनीपासून वीतभर उठलं आणि खाली पडलं. पुन्हा प्रयत्न केला नाही. मावशी आतून एकुलती एक खुर्ची घेऊन आल्या, ती त्यांनी शेडच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवली. उस्ताद तिच्यात बसले. म्हणजे पाठ आमच्याकडे. त्यांना बघवणार नव्हतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"चला," ते रस्त्याला म्हणाले. "दमू या."

सिद्धू आधी त्या बंद चाकापाशी गेला. वॉल्व्हपाशी वाकला. हवा सुटली, सुऽऽ करत, बारीक होत होत संपली. त्यानंतर पान्याचा आवाज आला पाहिजे होता. तो आला नाही.

"हवा काढली का?" उस्तादांनी विचारलं, मान न वळवता.

कोणी बोललं नाही.

"सिद्धू. हवा काढली का रे?"

मला राहवेना. त्यांची मान ताठ झालेली मला दिसत होती, घोंगडीखालचे खांदे वर आलेले. मी डोळ्यांनी बघत होतो, हवा निघालेली होती. नुसतं "हो जी" म्हटलं की त्या म्हाताऱ्या माणसाचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं. मी तोंड उघडलं. उस्तादांनी पाठमोरंच हात वर केला, तळवा माझ्याकडे. गप.

मी गप राहिलो.

मागे सिद्धू उकिडवा बसला होता, दोन्ही ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांच्या मधून पितळेचं एक टोक चमकत होतं. त्याचे डोळे बापाच्या पाठीवर होते. तो उत्तर देऊ शकत नव्हता, आणि देणार नव्हता.

उस्ताद तसेच ऐकत राहिले. रस्त्यावरून एक टांगा गेला. मग हळूहळू, हवा निघत जावी तसे, त्यांचे खांदे खाली आले. वर केलेला हात मांडीवर पडला.

मग पाना लागला. एक नट, समोरचा नट. कडं बाहेर आलं, नव्या टायरात गेलं. एक चाक पूर्ण झाल्यावर दुसरं. शेडमध्ये सबंध सकाळ लोखंडाखेरीज कशाचा आवाज नव्हता. मावशी उस्तादांसाठी चहा घेऊन आल्या, समोर वाकल्या आणि कप तसाच परत घेऊन गेल्या. जाताना मला बोटानं खूण केली, हळू.

मी पुढे जाऊन पाहिलं. खुर्चीत उस्तादांना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, आत काही नाही. मागे शेवटच्या चाकात हवा भरायला सुरुवात झाली होती.